मिगची दोन बटणं आणि पद्मिनीचा सडलेला पत्रा

रॉडच्या वेल्डिंगवर हात बसलेला माणूस मिगकडे, म्हणजे गनमधून वायर आपोआप पुढे येणाऱ्या वेल्डिंगकडे, वळला की एक घोळ हमखास घालतो. व्होल्टेजचं बटण त्याला करंटचं वाटतं, आणि वायर स्पीडचं बटण म्हणजे काम किती भरभर उरकायचं त्याचं. पत्र्याला भोक पडलं, कर व्होल्टेज कमी. मग वेल्डचा टाका पडतो खरा, पण पत्र्यावर नुसता बसून राहतो. ग्राइंडर फिरवला की निम्मा निघून येतो, उरलेल्यावर पुट्टी थापली जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी रंगाला फुगे येतात. गॅरेजमधल्या जाणत्यांच्या तोंडूनही "व्होल्ट म्हणजेच करंट" ऐकून ऐकून कान किटले आहेत.

रॉडचं मशीन तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. तिथे करंट आपण बांधून देतो आणि रॉडचं अंतर हाताने सांभाळतो. अडीच एमएमचा रॉड ८० अँपिअरच्या आसपास चालतो. पद्मिनीच्या किंवा जुन्या मारुती ८०० च्या पत्र्याची जाडी एक एमएमच्या आत-बाहेर, त्यात गंजाने खाल्लेली. तिथे तो रॉड लावणं म्हणजे पापड निखाऱ्यावर विसरणं.

मिगचा कारभार याच्या उलट आहे. इथे बांधलेलं असतं ते व्होल्टेज. गनमधून वायर सतत पुढे येत राहते आणि जेवढी येईल तेवढी वितळवायला लागणारा करंट मशीन स्वतःच ओढतं. वायर जास्त सोडली की करंट वाढला, कमी सोडली की उतरला. म्हणजे रॉडवाल्याला जे 'करंटचं बटण' हवं असतं ते मिगवर वायर स्पीडच्या नावाने बसलेलं आहे. व्होल्टेज ठरवतं आर्कची, म्हणजे वायर आणि पत्र्यामधल्या ज्योतीची, लांबी, आणि तिच्याबरोबर टाक्याचा आकार: कमी असेल तर उंच आणि अरुंद, जास्त असेल तर पसरट. उष्णतेत व्होल्टेजचाही वाटा असतोच, पण करंट तसाच ठेवून नुसतं व्होल्टेज पाडलं की तोल जातो. वायर वितळायच्या आत पत्र्यावर आपटते, गन हाताला मागे ढकलते, आणि टाका दोरीसारखा वर उभा राहतो. वर सांगितलेला निघून येणारा टाका तो हाच.

उलटा बिघाडही ओळखून ठेवा. व्होल्टेज जास्त आणि वायर कमी असेल तर तडतड थांबून फुस्स असा आवाज येतो, वायरच्या टोकाला गोळा लोंबतो, आणि शेवटी वायर मागे जळत जाऊन गनच्या तोंडाशी असलेल्या तांब्याच्या टिपला चिकटते. दोष बिचाऱ्या टिपला दिला जातो.

म्हणून भोक पडत असेल तर आधी वायर स्पीड उतरवा, मग आवाज जमेपर्यंत व्होल्टेज थोडं मागेपुढे करा. भजी टाकल्यावर कढई जशी एकसारखी तडतडते, तसा आवाज हवा. ०.६ एमएमची वायर असेल तर साधारण १५ व्होल्टच्या जवळ आणि ४० अँपिअरच्या आगेमागे पातळ पत्रा बरा वागतो. तुमच्या मशीनवर व्होल्टेजची टप्प्याटप्प्यांची चावी असेल तर खालचा टप्पा धरा आणि बाकीचं वायरवर जुळवा. एकच बटण दोन्ही सांभाळतं अशी मशीनंही मिळतात. शिकणाऱ्याने ती घेऊ नयेत असं माझं मत आहे. आवाज ऐकायची सवयच लागत नाही.

गन किती लांब धरता यानेही करंट बदलतो. टिपपासून वायर ८-१० एमएम बाहेर असावी. ती २० झाली तर त्या लांबीच्या रोधानेच करंट खाली येतो, आणि टाक्याला हवेपासून वाचवणारं गॅसचं आवरणही विरळ होतं. एकाच सेटिंगवर सकाळी नीट आलेला टाका दुपारी का बिघडला, याचं उत्तर बऱ्याचदा थकलेल्या मनगटात असतं.

गॅसचा वाद फार रंगतो, तेवढा त्यात जीव नाही. शुद्ध सीओटू स्वस्त आहे, पण शिंतोडे जास्त. आर्गॉन मिसळलेला गॅस पातळ पत्र्याला मऊ पडतो आणि मी तोच वापरतो. बिनगॅसची वायर मात्र बॉडीच्या पत्र्याजवळ आणूच नका; आणलीच तर गनची पोलॅरिटी (प्लस-मायनसची जोडणी) बदलायची असते, हे तरी लक्षात ठेवा.

सेटिंग कितीही जमलं तरी सलग रेघ ओढायची नाही. इंच-इंचावर ठिपके द्या, एक इकडे, एक तिकडे, मधल्या जागा नंतर भरा. हात लावता येईल इतकं थंड झाल्याशिवाय पुढचा ठिपका नाही. सलग ओढलेल्या रेघेने दाराचा पत्रा असा वाकतो की तो ठोकून सरळ करण्यात अख्खा दिवस जातो. भोकाच्या मागे तांब्याची पट्टी धरली तर टाका तिला चिकटत नाही आणि कडा तगतात.

गाडीला मशीन लावायच्या आधी त्याच गाडीतून कापलेल्या पत्र्याच्या दोन तुकड्यांवर टाका मारून पाहा. नव्या पत्र्यावरची चाचणी खोटी असते, कारण तो जाड आणि स्वच्छ असतो. तुकडा उलटा करा. मागे बारीक सलग उंचवटा दिसला तर बटणं जागेवर आहेत. नुसता काळानिळा डाग दिसला तर वायर स्पीड थोडा वाढवा, आणि व्होल्टेजला हात त्यानंतर.