वाघाचं कातडं आणि खरा वाघ : युद्धपटांतल्या टायगर रणगाड्याची पार्श्वभूमी

२०१४ साली ‘फ्युरी’ हा अमेरिकी युद्धपट आला तेव्हा रणगाड्यांच्या नादी लागलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच गोष्ट होती : यातला टायगर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला तो जर्मन रणगाडा, खरा आहे. १९५०च्या एका ब्रिटिश युद्धपटानंतर खरा टायगर कथापटात पहिल्यांदाच दिसत होता. मधली चौसष्ट वर्षं पडद्यावर जे ‘टायगर’ धावले ते सगळे वाघाचं कातडं पांघरलेले दुसरेच रणगाडे. तरीही ‘फ्युरी’तल्या त्या प्रसंगाला अस्सल म्हणायचं का, हा वाद मिटलेला नाही. तो समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

टायगर मुळातच फार नव्हते. ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या दोन वर्षांत साडेतेराशेच्या आसपास बनले. लढाईत वाचले त्यातले बहुतेक नंतर भंगारात वितळले आणि आज जगात उरलेले हाताच्या बोटांवर मोजता येतात. चित्रपटवाल्यांना मात्र खलनायकाच्या बाजूला टायगरच हवा असतो. मग ज्या देशाचं लष्कर रणगाडे भाड्याने किंवा मदत म्हणून देईल तिथे चित्रीकरण करायचं आणि मिळेल त्या गाडीला जर्मन रंग फासायचा, ही रीत पडली. १९६५ साली बल्जच्या लढाईवरचा चित्रपट स्पेनमध्ये झाला. त्यात ‘किंग टायगर’, म्हणजे टायगरचा पुढचा, आणखी अवजड अवतार, म्हणून आले ते स्पॅनिश लष्कराचे अमेरिकी बनावटीचे एम-४७ पॅटन. त्याच कुळातले पाकिस्तानी पॅटन १९६५च्याच सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या जवानांनी फोडले. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटनभोवती एक फेरी मारून आलेल्या माणसाला पडद्यावरचा तो गोलसर, ओतीव टरेट (तोफेचा फिरता बुरूज) बघून किंग टायगर आठवणं कठीण.

युगोस्लाव्हियात जास्त मेहनत घेतली गेली. तिथे सोव्हिएत टी-३४ रणगाड्यांवर पत्र्याचा चौकोनी सांगाडा चढवून बऱ्यापैकी टायगर उभे केले गेले. १९९८च्या नॉर्मंडीवरच्या अमेरिकी चित्रपटातले टायगरही टी-३४वरच बेतलेले होते. वरचा भाग इतका नेमका होता की भलेभले फसले. चुगली केली ती चाकांनी. टी-३४ला प्रत्येक बाजूला पाच मोठी, सुटी सुटी चाकं असतात आणि मधून पलीकडचं दिसतं. टायगरची चाकं एकात एक गुंतलेली, ताटांवर ताटं रचावीत तशी. पट्ट्यामागे ती सलग भिंतीसारखी दिसतात. सांगाडा पत्र्याचा करता येतो, चाकं बदलायची तर गाडीच नवी बनवावी लागते.

आता खऱ्या वाघाकडे. हा रणगाडा क्रमांक १३१. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती लागला आणि पुढे दक्षिण इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात विसावला. तो कुठे पकडला गेला यावरही बरीच वर्षं चुकीचं छापलं जात होतं. जेबेल जाफ्फा, २१ एप्रिल, असं सगळे लिहीत. जुने फोटो आणि कागद पुन्हा तपासल्यावर जागा निघाली ग्वेरियात अल-अताश आणि तारीख २४ एप्रिल. १९९० मध्ये तो दुरुस्तीसाठी प्रदर्शनातून हलवला. जवळपास सगळा सुटा केला गेला आणि डिसेंबर २००३ मध्ये चालता होऊन परतला. त्याचं मूळ मायबाख एचएल-२१० इंजिन मात्र आतली रचना दिसावी म्हणून पूर्वीच कापलेलं होतं. म्हणून संग्रहालयातल्याच एका किंग टायगरचं एचएल-२३० त्यात बसवलं. आग विझवण्याची आधुनिक यंत्रणाही आली.

‘अस्सल’ या शब्दाचा गुंता इथूनच सुरू होतो. इंजिन दुसऱ्या गाडीचं असलं तरी चिलखत, टरेट, ८८ मिलिमीटरची तोफ त्याच रणगाड्याची. माझ्या मते ही गाडी अस्सलच. घराचं छप्पर शाकारलं म्हणून घर दुसरं होत नाही.

खरी अडचण सालाची आहे. १३१ हा १९४३च्या सुरुवातीचा, आफ्रिकेत लढलेला नमुना. ‘फ्युरी’ची गोष्ट एप्रिल १९४५ची, जर्मनीतली. मधल्या काळात टायगर बराच बदलला होता. कमांडरचा उंच डब्यासारखा कठडा जाऊन बसकी ओतीव घुमटी आली. रबरी धावांची चाकं जाऊन पोलादी आली. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून १९४३च्या उत्तरार्धापासून वर्षभर अंगावर लिंपलेला खडबडीत लेप तर १३१ला कधीच लागला नाही. चित्रपटात त्याच्यासमोर उभ्या ठाकलेल्या अमेरिकी शर्मन रणगाड्याचंही तसंच. तोही खरा, संग्रहालयातलाच. पण तो डिझेलवर चालणाऱ्या एम-४ए-२ जातीचा. युरोपातल्या अमेरिकी तुकड्यांकडे त्याचा पेट्रोलवर चालणारा भाऊ एम-४ए-३ होता. डिझेलवाले मुख्यतः मित्रराष्ट्रांना आणि मरीन सैनिकांना दिले गेले.

म्हणजे एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. वस्तू खरी आहे का, हा एक प्रश्न. ती त्या दिवशी त्या जागी असू शकली असती का, हा दुसरा. १९९८चा टायगर पहिल्यात नापास, ‘फ्युरी’तला दुसऱ्यात अडखळतो. हौशी मंडळी भांडतात तेव्हा निम्मे एका प्रश्नाबद्दल बोलत असतात आणि निम्मे दुसऱ्या.

जगात चालता टायगर हा एकच. तो चित्रीकरणाला देण्यावर तेव्हाही टीका झाली आणि टीका करणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता. सुमारे ५७ टनांच्या त्या गाडीचा एखादा गिअर तुटला तर तो दुकानात मिळत नाही. तरीही देण्याचा निर्णय बरोबर होता असंच मला वाटतं. तो थांबतो तेव्हा सगळं धूड नाकावर किंचित झुकतं, मागे येतं आणि मग नळी स्थिर होते. गुंतलेली चाकं उंचवट्यावरून एकेक करून वर-खाली होत जातात. पत्र्याच्या सोंगाला ते वजन आणता येत नाही. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाला पाकिस्तानचे टी-५९ आले. ते चिनी, सोव्हिएत टी-५४ची नक्कल. आपल्या लष्कराचा टी-५५ त्यांचा सख्खा चुलतभाऊ. त्यामुळे पडद्यावर टी-५९च्या जागी टी-५५ उभा केला तर चुकलेला फक्त तपशील असतो. टी-५४च्या टरेटवर हवा खेळण्यासाठी एक छोटी घुमटी असते, टी-५५वर ती नाही. शिवाय आपल्या टी-५५वर नंतर १०५ मिलिमीटरची तोफ बसली. तिच्या नळीवरचा फुगवटा मधोमध असतो, जुन्या तोफेचा अगदी टोकाशी. तोफ नीट दाखवली तर ओळखायला दोन क्षण लागतात.

जानेवारी २०१९ मध्ये लाओसने ३० जुने टी-३४ रशियाला परत दिले. संचलनं, संग्रहालयं आणि ऐतिहासिक चित्रपट यांसाठी ते वापरू, असं तेव्हा सांगितलं गेलं. आयुष्यभर टायगरचं सोंग घेतलेल्या गाडीला पडद्यावर स्वतःच्या रूपात उभं राहायची संधी मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. पण ते सगळे टी-३४-८५, म्हणजे ८५ मिलिमीटर तोफेचे. तो नमुना आघाडीवर आला १९४४ मध्ये आणि जर्मन आणि सोव्हिएत रणगाड्यांची कुर्स्कची लढाई झाली जुलै १९४३ मध्ये. कुर्स्कवरच्या चित्रपटात ते उभे केले, तर पोलाद खरं असेल आणि साल पुन्हा चुकलेलं.