सीडीआय आला कुठून? टेस्लाच्या पेटंटपासून पिथमपूरच्या स्कूटरपर्यंत

कायनेटिक होंडा आपल्या पिथमपूरला बनायची हे इंदूरच्या जुन्या लोकांना सांगायला नको. सेल्फ स्टार्ट आणि बिनगिअरची म्हणून ती सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्या स्कूटरमध्ये पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा, उघडझाप करणारा धातूचा स्विच) नव्हते, सीडीआय होता, म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन, इंजिनातलं पेट्रोल पेटवायची ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, ही गोष्ट फारसं कुणी बोलत नाही, आणि मला तर तीच सगळ्यात भारी वाटते.

मूळ कल्पना फार जुनी आहे. निकोला टेस्लाला १८९८ मध्ये गॅस इंजिनाच्या इग्निशनचं अमेरिकन पेटंट मिळालं, त्यात कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आधी चार्ज करायचा आणि ऐन वेळी तो एकदम कॉइलमध्ये (व्होल्टेज वाढवून स्पार्क प्लगला देणारी) रिकामा करायचा असंच आहे. अडचण स्विचची होती, इतक्या झपाट्याने आणि न झिजता चालणारा स्विच तेव्हा कुणाकडेच नव्हता. मग अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंगची बॅटरी, कॉइल आणि पॉइंटवाली पद्धत आली, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये होती ती, स्वस्त आणि कुठल्याही मेकॅनिकला जमणारी, त्यामुळे पुढची पन्नास-साठ वर्षं बहुतेक गाड्या तिच्यावरच चालल्या.

पॉइंटचा त्रास ज्यांनी काढलाय त्यांना माहितीये. फिलर गेज घालून फट बघायची, काळे पडले की पॉलिश पेपरने घासायचे, कंडेन्सर गेला की पॉइंट जळायचे. (हा कंडेन्सर पण कपॅसिटरच, पण त्याचं काम पॉइंटमधली ठिणगी दाबायचं, प्लगला पॉवर द्यायचं नाही.) आणि आरपीएम वाढला की खरी गोची, सहा सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमला सेकंदाला ३०० स्पार्क मागतं, म्हणजे एका स्पार्कला जेमतेम ३.३ मिलिसेकंद, त्यातही पॉइंट एकमेकांना टेकलेले असतील तेवढाच वेळ कॉइल भरते, ती अर्धवट भरली की स्पार्क कमजोर, वर पॉइंट स्प्रिंगवर उड्या मारायला लागतात ते वेगळंच.

टू स्ट्रोकचं दुखणं अजून निराळं. ऑइल जळून प्लगवर काजळी बसते आणि करंट त्या काजळीतूनच गळून जातो, साध्या कॉइलचं व्होल्टेज हळूहळू चढतं त्यामुळे ठिणगी पडायच्या आधीच सगळं वाया. सीडीआयमध्ये व्होल्टेज काही मायक्रोसेकंदांत चढतं, गळायला वेळच मिळत नाही. हिशोब बघा, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला चार्ज केला तर त्यात ८० मिलिज्यूल एनर्जी असते, आणि ती एका झटक्यात कॉइलला मिळते.

हवा तसा स्विच शेवटी १९५७ मध्ये मिळाला, जनरल इलेक्ट्रिकचा एससीआर, म्हणजे थायरिस्टर, छोटा, झिजणारा एकही भाग नसलेला. मग फार वर्षं लागली नाहीत. १९६९ मध्ये कावासाकीने ५०० सीसीची तीन सिलिंडरवाली एच-१ सीडीआय लावून बाजारात आणली, ६० हॉर्सपॉवरची टू स्ट्रोक, आणि त्याच मॉडेल वर्षाच्या पोर्श ९११ च्या ई आणि एस मध्ये पण बॉशचा सीडीआय आला.

आपल्याकडे मात्र उलटं झालं. ८० च्या दशकात आलेली राजदूत ३५० ही खरी फास्ट बाइक, तिला पॉइंट, ते पण दोन सिलिंडरचे दोन सेट. आणि कायनेटिकवाल्या फिरोदियांनी होंडासोबत १९८४ मध्ये सुरू केलेल्या कंपनीची स्कूटर, म्हणजे कायनेटिक होंडा, जिच्यावर आई-वडील मंडईत जायचे, तिला सीडीआय! १९८५ ची यामाहाची आरएक्स १०० बाइक पण सीडीआयवाली, बॅटरी मेली तरी किकवर सुरू, कारण कपॅसिटर मॅग्नेटच्या कॉइलवरूनच चार्ज होतो.

सीडीआयमध्ये खोट एकच, स्पार्क जोरदार पण अगदी क्षणभराचा असतो, पातळ मिक्स्चर (हवा जास्त, पेट्रोल कमी) कधीकधी पेटत नाही. म्हणून अमेरिकेतल्या एमएसडी कंपनीने कमी आरपीएमला एकाच वेळी अनेक स्पार्क मारायची पद्धत आणली, ड्रॅग रेसिंगवाले आजही ते बॉक्स वापरतात. नवीन बीएस-६ गाड्यांत इंजेक्शन आलं, टायमिंग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि तिथे बहुतेक करून परत कॉइलमध्येच एनर्जी साठवतात, फक्त पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर.

आता आरएक्सला जो "रेसिंग सीडीआय" विकतात त्याचं. तो अ‍ॅडव्हान्स (पिस्टन वर पोहोचायच्या किती आधी स्पार्क पडतो ते) बदलतो, आरपीएमचा लिमिटर असेल तर उठवतो. पोर्ट, जेट, सायलेन्सर स्टॉकच असतील तर त्याने पॉवर वाढत नाही, आणि अ‍ॅडव्हान्स जास्त झाला तर पिस्टनला भोक पडू शकतं, तेव्हा आधी टायमिंग लाइट (स्पार्क कधी पडतो ते दाखवणारा दिवा) लावून बघा, मगच पैसे घाला.