ईश्वरानुमान

जगाला कोणी कर्ता आहे, ही गोष्ट श्रुतिवचनाचा आधार न घेता केवळ अनुमानाने सिद्ध करण्याचा जो प्रयत्न न्याय-वैशेषिक या तर्कप्रधान दर्शनांनी केला, त्याला ईश्वरानुमान म्हणतात. बौद्ध, जैन, मीमांसक आणि सांख्य यांनी त्यावर आक्षेप घेतले, नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, त्यांना उत्तरे दिली आणि ही देवाणघेवाण इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत अखंड चालली. ईश्वर आहे की नाही याचा सर्वमान्य निकाल तीतून लागला नाही. पण अनुमानाने नेमके काय आणि किती सिद्ध होऊ शकते, याची भारतीय परंपरेत झालेली सर्वांत कसून परीक्षा या वादात आढळते.

न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत हा विषय चौथ्या अध्यायातील अवघ्या तीन सूत्रांत (४.१.१९ ते २१) आला आहे आणि तेथे प्रश्न जगाच्या निर्मितीचा नसून कर्मफळाचा आहे. माणसाचे कर्म पुष्कळदा निष्फळ होते, म्हणून फळाचे कारण ईश्वर मानावा, असे पहिल्या सूत्रात म्हटले आहे. परंतु हे सूत्रकाराचे मत की पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी मांडलेले दुसऱ्याचे मत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. निर्मितीचा युक्तिवाद ठळकपणे पुढे येतो तो उद्द्योतकराच्या न्यायवार्तिक या टीकाग्रंथात. सुताराचा वाकस जसा सुताराच्या हातावाचून लाकूड तासत नाही, तसे अचेतन परमाणू आणि जीवांचे अदृष्ट, म्हणजे त्यांनी साठवलेले पापपुण्य, कोणा चेतनाच्या प्रेरणेवाचून कार्य उत्पन्न करू शकत नाहीत, अशी त्याची मांडणी आहे. पुढे वाचस्पतिमिश्र, जयंतभट्ट आणि दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास मिथिलेत होऊन गेलेले उदयनाचार्य यांनी तिला पक्के रूप दिले.

हे रूप असे आहे : पृथ्वी, अंकुर इत्यादी वस्तूंना कर्ता आहे, कारण त्या कार्ये आहेत; जे जे कार्य असते त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. कर्ता म्हणजे ज्याला उपादानद्रव्याचे, म्हणजे ज्यापासून वस्तू बनते त्या द्रव्याचे, प्रत्यक्ष ज्ञान आहे, कार्य करण्याची इच्छा आहे आणि त्यासाठी जो प्रयत्न करतो तो. संस्कृत पाठशाळेत अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यावरील त्याच्याच दीपिका या टीकेत हे अनुमान आणि कर्त्याची ही व्याख्या भेटते. सारे बळ या व्याख्येत आहे. जगाचे उपादान परमाणू असून ते आपल्या इंद्रियांना दिसत नाहीत. तेव्हा त्यांचे प्रत्यक्ष ज्ञान असणारा कर्ता आपल्यासारखा मर्यादित ज्ञानाचा असू शकत नाही, तो सर्वज्ञच असला पाहिजे, असा निष्कर्ष निघतो. असे कर्ते अनेक न मानता एकच मानणे हे लाघवाच्या, म्हणजे गरजेपेक्षा अधिक काही न कल्पिण्याच्या, तत्त्वाने उचित ठरते.

या अनुमानावरील सर्वांत खोल आघात सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचा आहे. घरासारखी विशिष्ट रचना पाहून आपण तिचा कर्ता ओळखतो, कारण तशाच रचना माणसांनी केलेल्या आपण पाहिलेल्या असतात. पर्वताला आपण ‘रचना’ हाच शब्द लावतो. पण शब्दाच्या सारखेपणाने वस्तू सारख्या होत नाहीत. घट हा मातीचा विकार आहे आणि तो कुंभार करतो, एवढ्यावरून मातीच्या प्रत्येक विकाराचा कर्ता कुंभार मानायचा असेल, तर वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल, असे प्रमाणवार्तिक या आपल्या ग्रंथात तो म्हणतो. नैयायिक उत्तर देतात की असा सूक्ष्म भेद काढत बसले तर धुरावरून अग्नीचे अनुमानही टिकणार नाही, कारण स्वयंपाकघरातला धूर आणि डोंगरावरचा धूर हेही भिन्नच असतात. व्याप्ती, म्हणजे अनुमानाला आधार देणारा अपवादरहित संबंध, ही धूर आणि अग्नी या सामान्यांमध्ये असते, तशीच ती कार्य आणि कर्ता यांच्यामध्ये आहे.

या उत्तराला अकराव्या शतकात विक्रमशीला विहारातील रत्नकीर्तीने दिलेले प्रत्युत्तर फार विचार करायला लावणारे आहे. व्याप्ती ठरवायची तर कर्ता नाही तेथे कार्यही नाही, असे व्यतिरेकाने दाखवता आले पाहिजे. कर्ता म्हणजे दिसणारा कर्ता असे म्हणावे, तर रानात आपोआप उगवणारे गवत ही व्याप्ती मोडते. न दिसणाऱ्या कर्त्यालाही त्यात धरावे, तर तो कोठे नाही हे कधीच ठरवता येणार नाही, आणि मग व्यतिरेक कायमचा संदिग्ध राहील. ज्ञानश्रीमित्र आणि रत्नकीर्ती या गुरुशिष्यांच्या ग्रंथांची संस्कृत हस्तलिखिते राहुल सांकृत्यायन यांना विसाव्या शतकात तिबेटमध्ये सापडली नसती, तर या वादाची एक संपूर्ण बाजू आपल्याला नैयायिकांच्या खंडनातूनच ओळखावी लागली असती.

मीमांसक कुमारिलाचे आक्षेप वेगळ्या दिशेचे आहेत. शरीरावाचून कोणी काही करताना दिसत नाही, आणि ईश्वराला शरीर मानावे तर ते कोणी निर्माण केले? काही प्रयोजन मनात धरल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूसही कामाला लागत नाही. मग ज्याला काहीच मिळवायचे उरलेले नाही अशा पूर्णकाम ईश्वराने जग कशासाठी केले? करुणेने केले असेल, तर ते केवळ सुखमयच व्हायला हवे होते. दुःख हे जीवांच्या अदृष्टाचे फळ आहे, हे नैयायिकांचे उत्तर ईश्वराला क्रौर्याच्या दोषातून सोडवते; पण त्याचे स्वातंत्र्य मात्र तितक्या प्रमाणात कमी करते. शरीराच्या आक्षेपाला चौदाव्या शतकाच्या सुमारास गंगेशाच्या तत्त्वचिंतामणीत तांत्रिक उत्तर मिळते. ‘शरीरापासून उत्पन्न न झाल्यामुळे पृथ्वीला कर्ता नाही, जसा आकाशाला नाही’ या प्रतिअनुमानातील ‘शरीर’ हे विशेषण व्यर्थ आहे, कारण आकाशाला कर्ता नसतो तो मुळात ते उत्पन्नच होत नाही म्हणून. आणि पृथ्वी तर उत्पन्न झालेली आहे.

ईश्वर नाही हे तर्काने सिद्ध करता येईल का, या उलट प्रश्नाला उदयनाने आपल्या न्यायकुसुमांजली या ग्रंथाचा तिसरा स्तबक, म्हणजे प्रकरण, दिला आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्याची प्रतिभा सर्वाधिक येथेच दिसते. दिसत नाही म्हणून नाही, असे दिसण्यास योग्य असलेल्या वस्तूविषयीच म्हणता येते. टेबलावर घट दिसत नसेल तर तो तेथे नाही, पण जो स्वभावतःच इंद्रियांना अगोचर आहे त्याचे न दिसणे त्याच्या अभावाचे प्रमाण होत नाही. शिवाय ‘ईश्वर कर्ता नाही, कारण त्याला शरीर नाही’ असे अनुमान करणाऱ्याने ईश्वर हा पक्ष, म्हणजे ज्याविषयी अनुमान करायचे तो विषय, सिद्ध मानला आहे की नाही? मानला नसेल तर अनुमानाला आश्रयच नाही. मानला असेल तर ज्या प्रमाणाने तो सिद्ध होतो त्याच प्रमाणाने त्याचे कर्तृत्वही सिद्ध होते. या पेचातून सुटण्यासाठी बौद्धांना कल्पित पक्षावर आधारलेल्या अनुमानाचे समर्थन करावे लागले. सांख्यसूत्रातील ‘ईश्वरासिद्धेः’ (१.९२) या वचनाविषयीही टीकाकार विज्ञानभिक्षूने हाच विवेक दाखवला : येथे ईश्वराची असिद्धी सांगितली आहे, अभाव नव्हे. युरोपात इमॅन्युएल कांट १७८१ साली शुद्ध बुद्धीच्या परीक्षणातून अशाच दुहेरी निष्कर्षाला पोहोचला : तर्काने ईश्वराचे अस्तित्वही सिद्ध होत नाही आणि अभावही. मात्र त्याने तपासलेले, संकल्पनेवरूनच अस्तित्व सिद्ध करणारे, अकराव्या शतकातील ख्रिस्ती विचारवंत अँसेल्मच्या परंपरेतील प्रमाण नैयायिकांच्या मांडणीत बसणारे नाही, कारण त्यांची व्याप्ती अनुभवातील दृष्टांतांवर उभी असते.

उदयनाने पाचव्या स्तबकात कार्य या हेतूबरोबर आयोजन (परमाणू जुळवणे), धृती (जग धरून ठेवणे) आदी आणखी हेतू एका श्लोकात गुंफले आहेत. त्यांपैकी पद, श्रुती, वाक्य यांसारखे हेतू भाषा आणि वेद यांच्याविषयीच्या न्यायमतावर इतके अवलंबून आहेत की ते मत न मानणाऱ्याला त्यांचे बळ जाणवत नाही. ग्रंथारंभी मात्र त्याने या साऱ्या चर्चेचे स्थान स्पष्ट केले आहे : श्रवणानंतर, म्हणजे शास्त्र ऐकल्यानंतर, येणारे हे मनन असून ती ईश्वराची उपासनाच आहे.

हे अनुमान नाकारणाऱ्यांत ईश्वरभक्तही होते. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात ब्रह्मसूत्रांतील ‘शास्त्रयोनित्वात्’ (१.१.३) या सूत्रावर लिहिताना ते सविस्तर खोडून काढले. पृथ्वी, समुद्र आदी कार्ये आहेत हे मान्य केले तरी ती सारी एकाच वेळी, एकानेच केली असे त्यातून निघत नाही. आणि कुंभाराच्या दृष्टांतावरून अनुमान करायचे तर त्या दृष्टांताबरोबर शरीर, अल्पज्ञता आणि मर्यादित सामर्थ्यही येते. म्हणून ब्रह्माच्या ज्ञानाला शास्त्र हेच एकमेव प्रमाण आहे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला.