राजमहोत्सव आणि इंग्लंडमधील पॅरिश चर्च

राजा किंवा राणीच्या कारकिर्दीला पंचवीस, पन्नास, साठ अशी ठरावीक वर्षे पूर्ण झाली की ब्रिटनमध्ये जो सोहळा होतो त्याला ज्युबिली म्हणतात. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील उपासना, राजवाड्याच्या सज्ज्यात उभे राजघराणे, वरून जाणारी विमाने हा त्याचा टीव्हीवर दिसणारा भाग. बाकीचा सोहळा गावोगावच्या चर्चमध्ये, त्याच्या हॉलमध्ये आणि हिरवळीवर पार पडतो. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारी वस्ती. वसईकडचे ख्रिस्ती तिला धर्मग्राम म्हणतात. इंग्लंडात ही कक्षा चर्चला न जाणाऱ्यांनाही धरून असते, आणि चर्चने सगळ्या गावाला जेवायला बोलावणे तिथे कोणाला खटकत नाही ते त्यामुळेच.

‘ज्युबिली’ हा शब्द मुळात राजांचा नाही. मराठी बायबलातील लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात ‘योबेल’ वर्ष येते, त्याच हिब्रू शब्दाचे हे रूप. पन्नासाव्या वर्षी मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा फुंकायचा, दासांना मोकळे करायचे, विकलेली जमीन मूळ घराण्याला परत द्यायची, असा तो नियम. सत्ताधाऱ्याचे कौतुक त्यात कुठेच नाही. उलट ज्याच्या हातात आहे त्याला ते सोडायला लावणारे हे वर्ष. इंग्लंडात तो शब्द राजाच्या कारकिर्दीला जोडला गेला तो तिसऱ्या जॉर्जच्या वेळी, २५ ऑक्टोबर १८०९ रोजी. तेव्हाही पन्नास वर्षे पुरी झाली नव्हती, पन्नासावे नुकते सुरू होत होते. त्या वेळी कर्जापायी तुरुंगात पडलेल्या काहींची देणी भागवून त्यांना सोडण्यात आले, म्हणजे मूळ अर्थाची थोडी आठवण शिल्लक होती. पुढे व्हिक्टोरिया राणीचे महोत्सव १८८७ आणि १८९७ मध्ये, पाचव्या जॉर्जचा रौप्यमहोत्सव १९३५ मध्ये, आणि दुसऱ्या एलिझाबेथचे १९७७, २००२, २०१२ आणि २०२२ मध्ये झाले. सत्तर वर्षांच्या शेवटच्या महोत्सवाला तिथे ‘प्लॅटिनम’ म्हटले. आपल्याकडे साठीला हीरक आणि पंचाहत्तरीला अमृत आहे; सत्तरीला रूढ नाव नाही.

शब्द उशिरा आला, पण चाल त्याहून बरीच जुनी आहे. पहिली एलिझाबेथ १७ नोव्हेंबर १५५८ रोजी गादीवर आली. तिच्या कारकिर्दीत दरवर्षी त्या तारखेला गावोगावच्या चर्चच्या घंटा वाजवण्याची पद्धत पडली. चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची मालमत्ता आणि हिशेब सांभाळणारे गावातले मानकरी, यांच्या जमाखर्चाच्या वह्यांत त्या दिवशी घंटावाल्यांना दिलेल्या पैशांच्या नोंदी सापडतात. भाकरी आणि बिअरचा खर्चही कुठे कुठे लिहिलेला असतो. चर्चमधल्या जेवणावळी तर त्याहूनही जुन्या. मध्ययुगात पॅरिशची मंडळी स्वतः बिअर गाळून विकत, बहुधा ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्ट या सणाच्या सुमारास, आणि त्या पैशांतून चर्चची डागडुजी करत. याला ‘चर्च एल’ म्हणत. पुढे प्युरिटन म्हणवणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट लोकांनी ही चाल बऱ्याच ठिकाणी बंद पाडली. २०२२च्या महोत्सवात गावजेवणाचा रविवार ५ जून हा होता आणि तो नेमका पेंटेकॉस्टचा रविवार निघाला. योगायोगच, पण जुन्या चालीला शोभणारा.

चर्च आणि मुकुट यांचे नाते कायद्याचे आहे. राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा ‘सुप्रीम गव्हर्नर’ असतो, आणि राज्यारोहणाच्या वार्षिक दिवसासाठी प्रार्थनापुस्तकात वेगळी उपासना छापलेली आहे. हे इंग्लंडपुरते. वेल्समधील चर्चचा राज्याशी असलेला संबंध १९२० मध्ये तुटला. चर्च ऑफ स्कॉटलंड राजाला आपला प्रमुख मानत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तर कोणता झेंडा कुठे लावला यावरूनही शेजारी दुरावतात. म्हणून एकाच महोत्सवाचा रंग चार देशांत चार तऱ्हांचा दिसतो.

१८९७च्या हीरकमहोत्सवातला एक प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. व्हिक्टोरिया ७८ वर्षांची होती, पायऱ्या चढणे तिला जमत नव्हते. तेव्हा सेंट पॉलची आभारप्रार्थना दाराबाहेर पायऱ्यांवरच घेतली गेली आणि राणी बग्गीत बसूनच सहभागी झाली. गावातल्या चर्चलाही नेमके हेच जमावे लागते: प्रार्थना थोडी बाहेर न्यायची आणि जेवणाचे टेबल थोडे आत आणायचे.

सोहळा ठरतो तो पॅरिश मंडळाच्या बैठकीत. व्हिकर, म्हणजे पॅरिशचा धर्मगुरू, चर्चवॉर्डन आणि निवडून आलेले सभासद हे मंडळ चालवतात. पहिला शहाणपणाचा निर्णय म्हणजे हे एकट्याने न करणे. गावात मेथडिस्ट आणि कॅथलिक चर्च असतात, शाळा, स्काउट, महिलांच्या संस्था आणि ग्रामपरिषद असते. आता बऱ्याच शहरांत शेजारी मशीद, गुरुद्वारा किंवा मंदिरही असते. सगळ्यांनी एकाच दुपारी वेगवेगळे तंबू ठोकले तर एकही तंबू भरत नाही.

रस्त्यावरच्या पंगतीची प्रथा १९१९च्या ‘पीस टी’पासून धरली जाते, पहिल्या महायुद्धानंतर मुलांसाठी रस्त्यात टेबले मांडून चहापान झाले, ते हे. १९७७ मध्ये ती देशभर पसरली. आजचे रूप ‘बिग लंच’ या उपक्रमातून आले. कॉर्नवॉलमधील ईडन प्रोजेक्टने तो २००९ मध्ये सुरू केला आणि २०१२ व २०२२ च्या महोत्सवांनी त्याला आपल्यात सामावून घेतले. रस्ता अडवायचा तर नगरपालिकेकडे बरेच आधी अर्ज करावा लागतो. चर्चच्या आवारात ही कटकट नसते. शिवाय डोक्यावर छप्पर असते, आणि इंग्लंडच्या जूनमध्ये ही चैन नव्हे. ३ जून २०१२ रोजी थेम्स नदीवरची नौकायात्रा पावसात न्हाऊन निघाली होती.

मद्याचा नियम मात्र नीट समजून घ्यावा लागतो. वाइन फुकट वाटली तर परवाना लागत नाही. विकली, किंवा तिकिटाच्या पैशांत धरली, तर नगरपालिकेला ‘टेम्पररी इव्हेंट नोटीस’ द्यावी लागते. शुल्क २१ पौंड, मुदत किमान दहा कामाचे दिवस आधी, आणि एका वेळी जास्तीत जास्त ४९९ माणसे. स्मृतिफलक बसवणे किंवा इमारतीत कायमचा बदल करणे यासाठी धर्मप्रांताची, म्हणजे बिशपच्या कक्षेतल्या प्रदेशाची, ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी लागते, आणि ती आठवड्याभरात मिळत नाही. कित्येक मध्ययुगीन चर्चमध्ये स्वयंपाकघर नसते, शौचालयही नसते. आयोजकांची खरी डोकेदुखी बहुतेकदा तीच असते.

उपासना छोटी असावी. एखादे स्तोत्र, आभार, राजासाठी आणि गावासाठी प्रार्थना, शेवटी राष्ट्रगीत, एवढे पुरे. जे वर्षभर चर्चची पायरी चढत नाहीत त्यांना दीड तासाचे प्रवचन ऐकवून पुढे केक देणे हा पाहुणचार नव्हे. प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरसाचा धार्मिक विधी, वेगळ्या वेळी ठेवले तर श्रद्धा नसलेला शेजारी अवघडत नाही. राजेशाही नको असणारेही त्याच गावात राहतात. चाळीस वर्षे शाळेच्या दारात मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईंचे आभार राजासोबत मानले, तर तेही येऊन बसतात.

घंटा हा या सोहळ्याचा आवाज. इंग्लिश घंटावादनात सूर वाजवत नाहीत. ठरावीक गणिती क्रमाने घंटांची जागा दर फेरीला बदलत जातात. पूर्ण ‘पील’मध्ये पाच हजारांहून अधिक फेरबदल असतात आणि त्याला सुमारे तीन तास लागतात. पाऊण तासाची ‘क्वार्टर पील’ गावाच्या कानांना जास्त मानवते. दुपारी मनोरा उघडा ठेवून मुलांना दोर दाखवले की ती वरच रमतात. झेंड्याचाही दंडक आहे: १९३८च्या आदेशानुसार चर्चच्या मनोऱ्यावर सेंट जॉर्जचा लाल क्रूस आणि कोपऱ्यात धर्मप्रांताची ढाल असलेला झेंडा हवा. आतल्या खांबांवर मात्र युनियन जॅकच्या पताका सर्रास लागतात.

जेवणाची रीत ‘घेऊन या आणि वाटून खा’ अशी. काकडीचे सँडविच, स्कोन, व्हिक्टोरिया स्पंज हे ठरलेले पदार्थ. घटकांची चिठ्ठी लावावी, कारण ब्रिटिश कायद्याने चौदा अ‍ॅलर्जीकारक घटक नावानिशी सांगितले आहेत. १९५३च्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी तयार झालेले ‘कॉरोनेशन चिकन’ अजून टिकून आहे: थंड कोंबडी, मेयोनेज आणि करी पावडर. आपल्या मसाल्याला ते ओळखीचे वाटणार नाही. २०२२ साठी देशभर स्पर्धा घेऊन लिंबाचा स्विस रोल आणि अमारेटी बिस्किटांचे ट्रायफल निवडले गेले. त्याचे थर रचताना बऱ्याच गृहिणींचा अख्खा दिवस गेला असणार.

महाराष्ट्राच्या आठवणीत राजमहोत्सव वेगळाच उमटला आहे. १८८७च्या सुवर्णमहोत्सवाने मुंबईला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट दिली. दहा वर्षांनी, २२ जून १८९७च्या रात्री, गणेशखिंडीतील हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. पुणे तेव्हा प्लेगच्या झडत्यांनी पोळले होते.

महोत्सव सरला की मागे वस्तू उरतात: झाड, बाक, मनोऱ्यावरचे घड्याळ. २०१२ मध्ये थेम्सवरून नौकेतून वाजत गेलेल्या आठ घंटा लंडनच्या सेंट जेम्स गार्लिकहाइथ या चर्चमध्ये टांगल्या आहेत. तिसरे चार्ल्स ८ सप्टेंबर २०२२ रोजी गादीवर आले. त्यांचा रौप्यमहोत्सव २०४७ मध्ये येईल तेव्हा ते ९८ वर्षांचे असतील. तोवर पॅरिश चर्चच्या वाट्याला उरते ती ८ सप्टेंबरची वार्षिक प्रार्थना, आणि त्या दिवशी सुट्टी नसते.