‘आर्ट्स घेतलं की दारं बंद’ हे खरं नाही

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांसोबत सल्लाही येतो: “नव्वद टक्के आहेत ना, मग सायन्सच! आर्ट्स घेतलंस तर दारं बंद.” हा समज चुकीचा आहे. बारावी कोणत्याही शाखेतून केली तरी कायद्याच्या ५ वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी देता येते, सीए होण्याच्या पहिल्या परीक्षेला, म्हणजे सीए फाउंडेशनला बसता येतं. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, भूदलासाठीही शाखेची अट नाही. नौदल, हवाई दलाला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित लागतं. डॉक्टर व्हायचं तर सायन्स हवंच.

मग हा समज टिकला कसा? मला वाटतं, शाखा ही घराची प्रतिष्ठा झाली. ‘चार लोकांत काय सांगायचं’ ही चिंता मोठ्यांची, अकरावीचा फॉर्म मात्र मुलीच्या नावाचा.