गट ४४ किलोचा, भार एकशे साडेसत्तावीस किलोंचा

२००४ साली अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये नायजेरियाची ल्युसी एजिके पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे भार उचलण्याच्या खेळाच्या, ४४ किलो वजनगटात उतरली होती. बाकावर उताणं झोपून तिने रॉड छातीपर्यंत आणून वर ढकलला (यालाच बेंच प्रेस म्हणतात), त्यावर १२७.५ किलो होते. सुवर्णपदक मिळालं, विश्वविक्रमही झाला. भार तिच्या वजनगटाच्या जवळजवळ २.९ पट होता. आपल्या व्यायामशाळेत स्वतःच्या वजनाइतका बेंच मारणाऱ्याकडेसुद्धा चार जण वळून बघतात!

ल्युसीला लहानपणी पोलिओ झाला आणि पायांतलं बळ गेलं. अशा खेळाडूबद्दल बोलताना आपण ‘काय जिद्द आहे’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. जिद्द आहेच. पण १२७.५ किलो उचलले गेले ते स्नायूंनी आणि मज्जातंतूंनी, आणि ते कसं घडलं हे समजून घेणं हा मला तिचा खरा मान वाटतो.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो आणि आतड्यात वाढतो. साधारण २०० संसर्गांपैकी एकात तो कायमचा लुळेपणा आणतो. मज्जारज्जूच्या पुढच्या भागात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी असतात, त्याच तो मारतो. स्पर्श, वेदना शाबूत राहतात, हालचाल मात्र जाते, आणि बहुतेक वेळा ती पायांची जाते. स्नायूंचे तंतू तसे धडधाकट असतात. हुकूमच येत नाही म्हणून ते वाळत जातात. काही ठिकाणी शेजारची वाचलेली चेतापेशी नवे फाटे फोडून या पोरक्या तंतूंना आपल्या पंखाखाली घेते, त्यामुळे थोडी ताकद परतते. जिथे चेतापेशी वाचलेल्या असतात, तिथले स्नायू सरावाला इतर कुणाच्याही स्नायूंसारखेच प्रतिसाद देतात.

पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये बेंच प्रेस हा एकच प्रकार असतो. बेंच २.१ मीटर लांब असतो, कारण पायांसकट सगळं शरीर त्यावर ठेवायचं असतं. पाय पट्ट्याने बांधता येतात. इतर पॉवरलिफ्टर तळवे जमिनीत रोवतात, पाठीची कमान करतात आणि पायांचा रेटा वापरतात. इथे तो आधार नाही. पंचांची खूण झाली की रॉड खाली आणायचा आणि छातीवर क्षणभर निश्चल ठेवायचा. हा थांबा फार महाग पडतो. खाली येताना ताणलेल्या स्नायूंत आणि स्नायुबंधांत साठलेली लवचिक ऊर्जा त्या क्षणभरात बरीचशी विरून जाते. मग छातीचे स्नायू, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडामागचे ट्रायसेप्स यांना जवळजवळ शून्यातून सुरुवात करावी लागते. दोन्ही हात एकसारखे वर गेले नाहीत, एक कोपर जरा मागे राहिलं, तरी पंचांचा लाल, म्हणजे नकाराचा, दिवा लागतो. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले तरच लिफ्ट ग्राह्य.

तरीही शरीराच्या तुलनेत इतका मोठा भार कसा? एक कारण वजनकाट्यावरच आहे. आपल्या शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा दोन पायांत असतो. पोलिओने पाय बारीक राहिले, तर त्याच ४४ किलोंत छाती, खांदे आणि दंड यांच्या वाट्याला जास्त स्नायू येतात. त्यामुळे धडधाकट लिफ्टरशी थेट तुलना करणं दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. पायांचा रेटा नाही हा तोटा खरा, आणि वजनाची ही वेगळी वाटणीही खरी.

ल्युसीची कारकीर्द आकड्यांत वाचली की आणखी एक गोष्ट दिसते. महिलांचं पॉवरलिफ्टिंग पॅरालिम्पिकमध्ये आलं ते २००० साली सिडनीला, आणि तिथे तिने रौप्य घेतलं. अथेन्सनंतर २००८ला बीजिंगमध्ये ४८ किलो गटात १३० किलो आणि पुन्हा सुवर्ण. २०१२ला लंडनमध्ये रौप्य. २०१६ला रिओमध्ये ६१ किलो गटात १४२ किलो, सुवर्ण आणि विश्वविक्रम. टोकियोत कांस्य. सहा स्पर्धा, सहा पदकं.

आता गटाच्या वजनाशी गुणोत्तर काढा: २.९, मग २.७, मग २.३. ताकद घटली का? नाही, भार वाढतच गेला. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि शरीराचं वजन घनफळावर. शरीर मोठं होताना वजन ताकदीपेक्षा वेगाने वाढतं. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट ओझं नेते, हत्तीला ते जमत नाही, त्याचं हेच कारण. याच हिशेबाने ४४ किलोचे १२७.५ म्हणजे ६१ किलोचे सुमारे १५८ किलो होतात. रिओतला आकडा त्याखाली आहे, पण तो चाळिशीच्या उंबरठ्यावर उचललेला आहे. वय वाढताना झटक्याची ताकद आधी उतरते, संथ ढकलण्याची ताकद बरीच टिकते. म्हणून या खेळात कारकीर्द वीस वर्षं चालू शकते.

ती टिकवायची तर खांदा सांभाळावा लागतो, आणि मला यातलं सर्वांत अवघड काम हेच वाटतं. इतर खेळाडू सरावानंतर खांद्यांना विश्रांती देतात. व्हीलचेअर वापरणाऱ्या खेळाडूचे खांदे तेव्हाही कामावरच असतात: चाकं फिरवायची, खुर्चीतून पलंगावर सरकायचं, गाडीत बसायचं. त्यामुळे सरावाचं वेळापत्रक आखताना ही रोजची हमालीही भारात धरावी लागते.

भारतात सकिना खातून हे नाव ठाऊक असायला हवं. पश्चिम बंगालची ही खेळाडूही पोलिओ झालेली. आधी पोहायची, मग बेंचकडे वळली. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य, २०१८च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य, आणि टोकियोत ५० किलो गटात ९३ किलो उचलून पाचवा क्रमांक.

ल्युसीने रिओत १४२ किलो उचलले त्या ६१ किलो गटाचं सुवर्ण २०२४ला पॅरिसमध्ये नायजेरियाच्याच ओन्यिन्येची मार्कने जिंकलं, विश्वविक्रमी १५० किलो उचलून.