इंडिजिनस फ्युचरिझम

इंडिजिनस फ्युचरिझम म्हणजे मूलनिवासी कलाकारांनी आपल्याच जमातीचं भविष्य कल्पून केलेली कला, मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातली (तिथल्या लोकांना आपण मराठीत अजूनही सर्रास रेड इंडियन म्हणतो, तो शब्द आता खरंच सोडायला हवा). चित्रं, मातीकाम, फोटो, कथा, कॉम्प्युटरवर बनवलेल्या फिल्म्स, सगळं यात येतं. नाव दिलं ग्रेस डिलन या अनिशिनाबे जमातीच्या अभ्यासक बाईंनी, २००३ च्या सुमारास, काळ्या कलाकारांच्या आफ्रोफ्युचरिझमवरून.

ही कला कशाला उत्तर देते ते कळायला एक जुना फोटो बघावा. एडवर्ड कर्टिस या गोऱ्या फोटोग्राफरने १९०७ ते १९३० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या जमातींवर २० खंड काढले, प्रचंड काम आहे ते, त्यातल्या १९१० च्या एका फोटोत पिगन जमातीचे दोघं जण तंबूत बसलेत आणि त्यांच्या मधोमध गजराचं घड्याळ होतं. होतं, कारण छापायच्या आधी कर्टिसने ते पुसून टाकलं. हे लोक संपत चाललेत अशीच त्याची समजूत होती, मग त्यांच्या तंबूत घड्याळ कसं चालेल! बाहेरच्यांनी काढलेल्या चित्रांत हेच होत आलंय, पिसांचा तो मोठा टोप खरं तर मैदानी प्रदेशातल्या जमातींचा, तोही मानाने कमवायचा, पण चित्रात सगळ्यांच्याच डोक्यावर दिसतो. एकट्या अमेरिकेत सरकारदरबारी मान्यता असलेल्या जमाती साडेपाचशेच्या वर आहेत, प्रत्येकीची भाषा-पोशाख-घरं वेगळी.

वेंडी रेड स्टार या क्रो जमातीच्या कलाकाराने यावर फार साधी गोष्ट केली. १८८० मध्ये क्रो सरदार बोलणी करायला वॉशिंग्टनला गेले होते तेव्हाचे त्यांचे फोटो तिने घेतले आणि २०१४ मध्ये त्यांच्यावर लाल शाईने लिहून काढलं, हा माणूस कोण, अंगावरच्या कुठल्या वस्तूचा अर्थ काय. नुसता ‘इंडियन सरदार’ म्हणून जगभर फिरलेला चेहरा परत नावगाव असलेला माणूस झाला. तिची अंतराळातल्या परग्रहवासीयांसारख्या पोशाखांची मालिकापण आहे, पण मला हे लाल शाईवालं काम जास्त मोठं वाटतं.

इंटरनेटवर हे लोक फार लवकर आले. कॅनडातल्या काह्नवाकेच्या, मोहॉक जमातीच्या कलाकार स्कावेनाती यांनी १९९७ मध्ये सायबरपॉववाव सुरू केलं. पॉववाव म्हणजे नाच-गाण्याचा मेळावा, तर हा तसाच मेळावा पण चॅटरूममध्ये, भिंतींवर कलाकारांची चित्रं आणि येणारा प्रत्येक जण एक अवतार घेऊन फिरणार, बोलणार. तेव्हा घरोघरी नेट नव्हतं म्हणून आर्ट गॅलऱ्यांमध्ये कॉम्प्युटर मांडून लोकांना बोलवायचे. २००४ पर्यंत ते चाललं. पुढे स्कावेनातींनी सेकंड लाइफ या आभासी जगात टाइमट्रॅव्हलर नावाची नऊ भागांची फिल्म केली, तिचा नायक हंटर हा २१२१ सालातला मोहॉक तरुण, तो खास चष्मा लावून इतिहासात जातो आणि १९९० च्या ओका संघर्षातही पोचतो, जिथे गोल्फ कोर्स वाढवायला मोहॉकांची पाइनची झाडं आणि स्मशानभूमी जाणार होती आणि लोक ७८ दिवस अडून राहिले होते.

मातीकामात मोठं नाव व्हर्जिल ऑर्टिझ, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या कोचिती प्वेब्लो या मूलनिवासी गावचे, घरातच पिढीजात मातीकाम. त्यांची मालिका १६८०/२१८० अशी आहे. १६८० मध्ये पोपे नावाच्या पुढाऱ्याने स्पॅनिश सत्तेविरुद्ध प्वेब्लो गावांना एकत्र केलं, गावोगाव धावणारे निरोपे गाठी मारलेल्या दोऱ्या घेऊन गेले, रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठाव. बातमी फुटली म्हणून ऑगस्टमध्ये ठरल्याच्या आधीच सुरुवात करावी लागली, तरी स्पॅनिशांना हाकललंच आणि पुढची १२ वर्षं ते परत येऊ शकले नाहीत. ऑर्टिझ हीच लढाई २१८० मध्ये परत घडवतात, त्यात ताहू नावाची आंधळ्या तिरंदाजांची म्होरकी आहे, आणि भविष्यातून मागे येणारे योद्धे आहेत जे रणांगणावरची फुटक्या मडक्यांची खापरं गोळा करतात, मातीकामाची विद्या बुडू नये म्हणून. पात्रं त्या उठावाच्या पाचशे वर्षं पुढची, पण माती कोचितीचीच, हाताने घडवलेली, आणि काळा रंग रानभाजीसारखी एक वनस्पती उकळून आटवून केलेला, गावात पूर्वापार करतात तसाच.